मणी पाणी फार पीत होती

3 मे 2024, शुक्रवार. संध्याकाळी कामावरून घरी आले तर मागच्या अंगणातलं घमेलं कोरडं. सकाळीच काठोकाठ भरून ठेवलं होतं. आमच्या धाकट्या कुत्रीनं, टिकलीनं, उलथवलं असेल असं वाटून पुन्हा भरलं, तर थोरली मणी कोपऱ्यातून उठून आली आणि मान वर न करता अर्धं घमेलं प्यायली. त्या दिवसांत सोलापूरचा पारा 43 च्या पुढे होता. दुपारी चारला अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. माणसाचा घसा दर दहा मिनिटांनी कोरडा पडत होता, मग जनावराचं काय, असं म्हणून मी आत गेले.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी मला जो पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच होता, म्हणून सुरुवात इथून केली.

आमच्याकडे दोन कुत्र्या आहेत. मणी सात वर्षांची, 17 किलोची, गव्हाळ रंगाची गावठी. टिकली दीड वर्षाची, कपाळावर पांढरा ठिपका, तीही गावठीच. दोघींची नसबंदी केलेली नव्हती. मणीच्या वेळी आत्या (सासूबाई) म्हणाल्या होत्या की एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर जनावराच्या जिवाला लागतं. मग पिल्लं सांभाळायची कोणी, यावर घरात एकमत झालं नाही. दर सहा-सात महिन्यांनी मणी माजावर आली की आम्ही तिला तीन आठवडे घरात कोंडून ठेवायचो. असं करत सात वर्षं गेली. त्या वर्षी ती होळीच्या आसपास माजावर आली आणि एप्रिलच्या मध्याला सगळं थांबलं. मे उजाडेपर्यंत ते डोक्यातूनही गेलं होतं.

शनिवारी तिनं सकाळची भाकरी तशीच ठेवली. दूध घातलं, ते प्यायली. रात्री घरातच दोनदा लघवी केली, जे ती पिल्लू असल्यापासून कधी करत नाही. मी पुसून घेतलं. तिच्यावर ओरडले नाही, पण मनातून चिडले होते, कारण नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते आणि पिंपातलं पाणी जपून वापरायचं चाललं होतं. सोलापुरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

रविवारी सकाळी उलटी झाली. पिवळी, फेसाळ. मग तासाभरात दुसरी. आता मात्र हातपाय गार पडले. रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात. चार फोन केल्यावर एक डॉक्टर घरी यायला तयार झाले. ते आले तेव्हा मीच दारात म्हणाले, "ऊन बाधलंय बहुतेक." त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि 600 रुपये घेऊन गेले. दुपारभर मणी पडून राहिली, रात्री पुन्हा उलटी.

त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मी त्यांना रोगाचं नाव सांगितलं, जे दिसत होतं ते सांगितलंच नाही. पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते, महिन्यापूर्वी माजावर होती, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून गेलं नाही. नंतर मी शिकले की दवाखान्यात जाताना कागदावर लिहून न्यावं: शेवटचं कधी खाल्लं, किती वेळा उलटी, पाणी किती, लघवी-शी कशी, मादी असेल तर शेवटचा माज कधी. जनावर बोलत नाही, तर त्याच्या वाटचं आपण नीट बोलायला हवं.

6 मे, सोमवार. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी ठरलेली. सकाळी सहालाच निघाले. साहित्य ताब्यात घ्यायचं, मग मंगळवेढ्याकडच्या एका गावात केंद्रावर मुक्काम. निघताना मणीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता गेले. घरात मी, आत्या आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात होते, पण लहानपण मोहोळकडच्या खेड्यात म्हशी राखण्यात गेलं. ते मणीजवळ उकिडवे बसले, पोटाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि म्हणाले, "पोट भरल्यागत लागतंय गं. दोन दिवस खाल्लं नाही म्हणतेस, मग ह्यात काय हाय?"

मी कामावर रजा कळवली. पुढचा प्रश्न रिक्षाचा. 17 किलोचं आजारी कुत्रं स्कूटीवर नेता येत नाही. दोन रिक्षावाल्यांनी पाहूनच मान हलवली. तिसऱ्याला म्हटलं, खाली आमची चटई अंथरते, वर चादर टाकते, घाण झाली तर धुऊन देते. तो म्हणाला, "माझ्याबी घरी हाय की ताई एक. बसा." येऊन-जाऊन थांबून 240 रुपये ठरले. त्याचाच नंबर घेतला आणि पुढचे पंधरा दिवस तोच येत राहिला. ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांनी असा एक माणूस आधीच शोधून ठेवावा. गरजेच्या वेळी शोधत बसलं की अर्धा तास तिथेच जातो.

आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, कारण तो सकाळी लवकर उघडतो. केस पेपरचे पैसे अगदी नावापुरते. रांगेत आमच्या पुढे दोन शेळ्या आणि एक वासरू होतं. मणी एरवी शेळी पाहून उभी राहिली असती, त्या दिवशी तिनं डोळासुद्धा उघडला नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तिच्या हिरड्या दाबून पाहिल्या. बोट काढल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा, तो रेंगाळत होता. गुदद्वारातून ताप मोजला, 103.6. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचं, म्हणून हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे. मग विचारलं, "पाणी किती पितेय?" मी घमेल्याचं सांगितलं. लगेच दुसरा प्रश्न, "माजावर कधी आली होती?" मी बोटांवर आठवडे मोजले. होळीपासून सहा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गर्भपिशवीत पू झाला असणार. पायोमेट्रा म्हणतात. खात्रीसाठी रक्त आणि सोनोग्राफी आजच करा, उद्यावर ढकलू नका. उद्या सगळीकडे मतदानाची सुट्टी आहे."

मी विचारलं, पण खालून तर काहीच जात नाहीये. त्या म्हणाल्या, तेच जास्त वाईट. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, वास येतो, माणसाला कळतं. तोंड बंद असेल तर सगळं आत साचतं, पिशवी फुगत जाते आणि फुटली तर पोटभर विष पसरतं. पाण्याचं कारणही त्यांनीच समजावलं. माज संपल्यावर कुत्रीच्या अंगात गर्भाचं संप्रेरक दोन महिने वाढलेलंच राहतं, ती गाभण असो वा नसो. त्यानं पिशवीचं अस्तर जाड होतं, दरवेळी थोडं जास्त, आणि त्यात जंतू वाढले की पू. त्या जंतूंचं विष मूत्रपिंडांना काम करू देत नाही, लघवी पातळ आणि भरपूर होते, म्हणून तहान. थोडक्यात ती उन्हानं पाणी पीत नव्हती, पाणी अंगातून चाललं होतं म्हणून पीत होती.

त्यांनी एक मापही सांगितलं, ते मी फ्रिजवर लिहून चिकटवलंय. कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण 50-60 मिलिलिटर पाणी पितं. उन्हाळ्यात वाढतं, पण किलोमागे 100 च्या वर गेलं तर तपासायला न्यायचं. मणीच्या वजनाला ते 1.7 लिटर. एक लिटरची बाटली घेऊन घमेल्यात मोजून पाणी घातलं असतं तर शुक्रवारीच कळलं असतं.

रक्त खासगी लॅबमध्ये दिलं, 950 रुपये, रिपोर्ट तीन तासांत मोबाईलवर. सोनोग्राफीची शोधाशोध झाली. माणसांच्या सेंटरवर कुत्रं घेत नाहीत, फोन करण्यात वेळ घालवू नका. सात रस्त्याच्या पुढच्या एका खासगी प्राण्यांच्या दवाखान्यात मशीन होतं, ऑपरेशनही तिथेच होत होतं. 800 रुपये. पोटावरचे केस काढले, जेल लावलं. पडद्यावर काळ्या जाड नळ्या दिसल्या, एकमेकींना चिकटून. डॉक्टरांनी बोटानं दाखवलं, "हे एक शिंग, म्हणजे पिशवीचा एक फाटा, हे दुसरं. एरवी पेन्सिलीएवढंही नसतं. आता चार सेंटिमीटर." रक्तात पांढऱ्या पेशी 38,400, जिथे 17,000 पर्यंत चालतात. क्रिएटिनिन 1.9, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. हिमोग्लोबिन 10.2. प्लेटलेट थोड्या कमी.

मी दोनच गोष्टी विचारल्या. गोळ्यांनी बरं होईल का, आणि पुण्याला नेऊ का. पहिल्याचं उत्तर असं की बंद तोंडाच्या पायोमेट्रात आणि या वयात गोळ्यांवर विसंबता येत नाही, पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढणं हाच उपाय. दुसऱ्यावर ते जरा थांबले. "न्यायचं तर न्या, माझी हरकत नाही. पण अडीचशे किलोमीटर, हे ऊन, आणि फुगलेली पिशवी. रस्त्यात काही झालं तर कोणी काही करू शकणार नाही." त्यांनी अशी किती ऑपरेशनं केलीत हेही मी सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. नीट उत्तर दिलं, भूल कोण देणार, कशी देणार, तेही सांगितलं. हे विचारायला संकोच करू नका.

खर्च कागदावर लिहून मागितला. ऑपरेशन, भूल, त्या दिवसाचं सलाईन आणि औषधं मिळून 11,000, अर्धे आधी. पुढची इंजेक्शनं वेगळी. घरी येऊन आत्यांना सांगितलं तर त्या आकड्यावर काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सात वर्षांची आहे, झेपेल ना गं तिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यांना फोन लागला तो रात्री नऊनंतर. केंद्रावर टेबलं मांडून झाली होती. मी सगळं सांगेपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "मला विचारत बसू नकोस, कर." मग थोड्या वेळानं, "माझ्यासाठी थांबू नकोस."

त्या संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात जाऊन सहा ते नऊ सलाईन लावलं. ऑपरेशनची घाई होती, तरी आधी अंगात पाणी जाऊन मूत्रपिंडं थोडी सावरणं गरजेचं होतं, नाहीतर भूल झेपत नाही. पुढच्या पायावरचे केस काढून इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची सुई, बसवली. सुई काढू नये म्हणून तीन तास मी तिचा पाय धरून बाकावर बसले होते. दवाखान्यात पंखा होता, पण त्याला गरम वाराच येत होता. मणीनं एकदा माझा हात चाटला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

रात्री दहानंतर खाणं बंद, पहाटेपासून पाणीही बंद. हे फार जड गेलं. ती घमेल्यापाशी जाऊन उभी राही आणि मागे वळून माझ्याकडे बघे. शेवटी घमेलंच उचलून माळ्यावर ठेवलं आणि टिकलीला मामांच्या खोलीत नेलं, म्हणजे तिच्या वाटीतलं ही पिऊ नये.

7 मे, मंगळवार. सकाळी सातला मी आणि आत्यांनी मतदान केलं, साडेआठला रिक्षा आली. डॉक्टरही मत देऊनच आले होते. हातमोजे चढवण्याआधी त्यांच्या बोटावरची ओली शाई दिसली. संमतीपत्रावर सही करायची होती. त्यात लिहिलं होतं की भुलीत किंवा ऑपरेशनमध्ये जनावर दगावू शकतं, हे मला समजावून सांगितलं आहे. मी ते तीनदा वाचलं. पहिल्या ओळीत "मालकाचे नाव" होतं, तिथे यांचं नाव लिहायला हात गेला, मग माझं लिहिलं.

भुलीचं इंजेक्शन देताना मला जवळ थांबू दिलं. मणीची मान माझ्या कोपरावर होती. डोळे अर्धे उघडेच राहिले आणि अंग जड झालं. कुत्र्याचे डोळे भुलीत मिटत नाहीत हे मला माहीत नव्हतं, मी घाबरले. तिथल्या मदतनीस मुलानं सांगितलं, "ताई, असंच असतंय, डोळ्यात मलम घालतो आम्ही." मग दार बंद झालं. 10 वाजून 35 मिनिटं.

बाहेर मामा कडुलिंबाखाली उभे होते. आत बसा म्हटलं तरी आले नाहीत. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर इतक्यांदा वाचलं की आजही पाठ आहे. साडेअकराला वाटलं आता झालं असेल. पावणेबाराला आतून मशीनचा आवाज थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तो लाईट गेल्याचा होता, इन्व्हर्टर लागलीच चालू झाला. 12 वाजून 10 मिनिटांनी दार उघडलं.

"झालं. फुटली नव्हती." डॉक्टरांनी विचारलं, बघायची आहे का. ज्यांना बघवत नाही त्यांनी बघू नये. मी बघितली. स्टीलच्या ट्रेमध्ये फुगलेल्या दोन नळ्या, जांभळट, एके ठिकाणी भिंत इतकी पातळ की आतलं पिवळं दिसत होतं. वजन करून पाहिलं, 1 किलो 300 ग्रॅम. सतरा किलोच्या जिवाच्या पोटात. मामा आत आले, ट्रेकडे बघितलं, हात जोडले आणि पुन्हा कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले.

यापुढचं कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. मणी थरथरत होती. भुलीत आणि पोट उघडं राहिल्यानं अंगातली ऊब जाते. ताप मोजला तर 97.8. बाहेर 43 अंश आणि माझी कुत्री गारठलेली. डॉक्टरांनी पंखा बंद करायला लावला आणि पांघरायला काही आहे का विचारलं. आमच्याजवळ रिक्षात अंथरायला आणलेल्या दोन चादरी होत्या, मामांच्या कारखान्यातल्या, जुन्या, जाड विणीच्या. एक खाली, एक वर. बाटल्यांत गरम पाणी भरून त्या फडक्यात गुंडाळून पाठीशी लावल्या. नुसती गरम बाटली लावू नका, भुलीतल्या जनावराला चटका कळत नाही. तासाभरात 99.5, मग 100.4. दीड वाजता तिनं मान उचलली, पुन्हा टाकली. तीन वाजता शेपटीचं टोक हललं. मामांनी ते आधी पाहिलं.

संध्याकाळी सहाला घरी. शुद्ध येताना ती कण्हत होती, मध्येच ओरडत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यातलं बरंचसं भुलीचं असतं, दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं आहे. तरी ऐकवत नाही. एक ठळक सांगते: अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनानं देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड खराब करू शकते. शेजारच्या एक काकू अगदी मायेनं गोळी घेऊन आल्या होत्या, त्यांना आत्यांनी समजावलं.

बुधवारी पहाटे हे आले. बॅग दारात टाकून तिच्याशेजारी फरशीवरच झोपले.

8 ते 12 मे रोज सकाळी सातला दवाखाना, ऊन चढायच्या आत. अँटिबायोटिक, पोटातल्या आम्लाचं, पहिले तीन दिवस सलाईन. एका दिवसाचे 300. प्लेटलेट कमी होत्या म्हणून गोचीड-तापाचीही शंका होती, त्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या तीन आठवडे. ही गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते, आणि मणी तर खातच नव्हती. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. नारळपाणी चमच्यानं घातलं, कोंबडीचं पाणी पुढे ठेवलं. कांदा, लसूण, मीठ काही न घालता, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो. माझ्या शेंगा चटणीच्या हातानं तिला कधी भरवू नये हेही मला तेव्हाच कळलं. शुक्रवारी अक्षय्य तृतीया होती. घरात आमरस, पुरणपोळी, आणि कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं. दुपारी आत्यांनी मऊ दहीभात बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावला. तिनं तो चाटला. मग हात चाटला. मग वाटी. चार घास झाल्यावर आत्यांनी वाटी बाजूला घेतली, "पुरे, एकदम नको." आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

कॉलर म्हणजे गळ्यातलं ते प्लास्टिकचं नरसाळं, 350 रुपये. तिला ते अजिबात आवडलं नाही, दारांच्या चौकटींना आपटत फिरायची. दया येऊन आम्ही जेवताना काढत होतो, तेवढं चालतं, पण समोर बसूनच. घेताना बघा की नाकाचं टोक कॉलरच्या कडेच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर जीभ टाक्यांपर्यंत पोहोचते. आमची पहिली लहान निघाली, बदलून आणली.

13 मे, सोमवारी टाक्यांच्या खालच्या टोकाला लिंबाएवढी सूज दिसली. मी पुन्हा तोच पू समजून रडायलाच लागले. डॉक्टरांनी सुईनं थोडं काढून पाहिलं, फिकट लालसर पाणी होतं. हालचालीमुळे कातडीखाली पाणी साचतं. रविवारी ती कॉटवर उडी मारून चढली होती आणि आम्ही कौतुकानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर कॉट भिंतीला उभी केली आणि घरातले सगळे खाली झोपलो, टिकलीला दहा दिवस वेगळं ठेवलं. लघवीलासुद्धा पट्टा बांधूनच. गरम फडक्याचा शेक दिवसातून तीनदा. सूज चार दिवसांत उतरली. टाके लाल होऊन गरम लागले, वास आला, पू आला किंवा मधूनच उघडले तर मात्र वाट बघायची नाही, हेही विचारून घेतलं होतं. रात्रीचा फोन उचलणार का, हेसुद्धा ऑपरेशनच्या आधीच विचारावं.

20 मे, सोमवार. तेराव्या दिवशी टाके काढले. दोन मिनिटांचं काम, मणी हललीसुद्धा नाही. रक्त पुन्हा तपासलं: पांढऱ्या पेशी 14,200, क्रिएटिनिन 1.1. पाण्याचं मोजमाप मी रोज वहीत लिहीत होते, ते डॉक्टरांना दाखवलं. 6 मेला अंदाजे अडीच लिटर, 20 मेला नऊशे मिलिलिटर. रविवारच्या पहिल्या इंजेक्शनपासून रिक्षा, औषधं, तपासण्या सगळं धरून आमचे साडेएकोणीस हजार गेले. निम्मे यांच्या एका मित्राकडून घेतले होते, ते जुलैपर्यंत फेडले.

त्याच दिवशी टिकलीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, माज संपून दोन-तीन महिने झाले की आणा, आणि पिल्लं होऊ देण्याची वैद्यकीय गरज काही नसते. हे आत्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं म्हणून मी त्यांना मुद्दाम सोबत नेलं होतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

टिकलीची नसबंदी 12 ऑगस्टला झाली. धडधाकट कुत्री, आधी रक्ततपासणी, 4,500 रुपये, पाऊण तास. टाके जेमतेम दोन इंचांचे. दुपारी शुद्धीवर, संध्याकाळी घरी, रात्री भाकरी. कॉलर मणीचीच वापरली, चौकटीवर आपटून कडेला पडलेल्या भेगेला चिकटपट्टी लावून. मणी त्या रात्री टिकलीच्या टाक्यांचा वास घेत बराच वेळ उभी होती, मग घमेल्यापाशी गेली, थोडं पाणी प्यायली आणि येऊन तिला टेकून झोपली.